शुभवर्तमानातील प्रसंगात हजर राहणे: कल्पना आणि पंचेंद्रियांच्या आधारे ध्यान करू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

प्रार्थना म्हटली की बहुतेक कॅथलिकांच्या ओठांवर ठरलेले शब्द येतात: ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिया’, जपमाळेची रहस्ये, मिस्सेतील उत्तरे. या शब्दांचे मोल मोठे आहे आणि ते कधीही सोडायचे नाहीत. मात्र त्यांच्या शेजारून प्रार्थनेची आणखी एक वाट शतकानुशतके चालत आलेली आहे, आणि आपल्या बडोद्यातील मराठी घरांत वाढलेल्या अनेकांना ती कोणी दाखवलेलीच नसते. या वाटेने जाणारा शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेतील, एखादा प्रसंग घेतो, शांत बसतो, कल्पनेच्या आधाराने त्या प्रसंगात जाऊन उभा राहतो, तिथले ऊन, धूळ, आवाज आणि वास अंगावर घेतो, येशूकडे पाहतो, त्याचे ऐकतो आणि शेवटी त्याच्याशी बोलतो. ध्यानात विचाराबरोबर कल्पनाशक्ती, भावना आणि इच्छा यांनाही कामाला लावावे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे ही कोणा एकाची खासगी आवड आहे किंवा हा बाहेरून आलेला नवा प्रकार आहे, अशी शंका मनात ठेवू नये.

ही प्रार्थना शिकताना लोक बहुधा एकाच ठिकाणी अडतात. मनात चित्रपटासारखे स्वच्छ चित्र उमटले तरच ध्यान साधले, अशी त्यांची समजूत असते आणि तसे चित्र न उमटल्यामुळे दोन-चार दिवसांत ते प्रयत्न सोडून देतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, की चित्र किती स्पष्ट दिसते याला येथे फारसे महत्त्व नाही. तुम्ही येशूसमोर हजर आहात का, एवढेच पाहायचे. कल्पना आणि इंद्रिये त्या हजेरीसाठी वापरायची आहेत, आणि हजेरी लागल्यावर ती बाजूला सरली तरी काही बिघडत नाही. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी याच दृष्टीने वाचावी.

ही वाट कोठून आली

या पद्धतीला आज जे रूप आहे, ते मुख्यतः लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी दिले. १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांना कित्येक महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. हाताशी ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या कथा एवढेच वाचायला होते. पडल्या पडल्या ते दोन प्रकारची दिवास्वप्ने पाहत. एकात ते एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवणारे सरदार असत, तर दुसऱ्यात असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे देवासाठी सर्वस्व सोडणारे यात्रेकरू असत. दोन्ही स्वप्ने रंगात असताना गोडच वाटत. पण पहिले संपल्यावर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसरे संपल्यावरही आनंद टिकून राही. कल्पना माणसाला कोठे नेते हे ती ओसरल्यावर मागे काय उरते त्यावरून ओळखावे, हे त्यांना तेथे उमगले, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवणुकीचा पाया तोच आहे.

बरे झाल्यावर मान्रेसा येथे केलेल्या तपश्चर्येत त्यांनी जी टिपणे काढायला सुरुवात केली, ती पुढे वाढून ‘आध्यात्मिक साधना’ ही छोटी पुस्तिका झाली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यातील पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असते. पण व्यवसायात गुंतलेल्या माणसाने ती घरी राहून रोज थोडा वेळ काढून करावी, अशीही सोय इग्नेशियस यांनी स्वतःच करून ठेवली आहे.

तपशिलाची त्यांना किती ओढ होती, हे त्यांच्या यात्रेतील एका प्रसंगावरून कळते. १५२३ मध्ये ते यरुशलेमला गेले. जैतुनांच्या डोंगरावर एक शिळा आहे आणि स्वर्गारोहणाच्या वेळची येशूची पावले तिच्यावर उमटली आहेत, अशी परंपरा आहे. पहारेकऱ्याला आपला चाकू देऊन त्यांनी ती शिळा पाहिली. तेथून निघून गेल्यावर उजवे पाऊल कोणत्या बाजूला होते आणि डावे कोणत्या, हे नीट पाहायचे राहिले असे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा ते परत डोंगरावर गेले आणि या वेळी कात्री देऊन आत शिरले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण येशूची पावले कोणत्या दिशेला वळलेली होती हे जाणून घेण्याची तळमळ ज्याला लागली, त्याला कल्पनेने प्रार्थना करणे वेगळे शिकवावे लागले नसेल.

इग्नेशियस यांच्या आधीही ही रीत होतीच. संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो या गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांच्यासह बेथलेहेमचा देखावा उभा केला होता. आपल्या घरी डिसेंबरात गोठा मांडताना मुले ज्या तन्मयतेने मेंढपाळ कोठे ठेवायचा यावर वाद घालतात, त्या तन्मयतेत या प्रार्थनेचे बीज असते. मराठी घरात वाढलेल्यांना आणखी एक ओळखीची खूण सांगता येईल. शेजारीपाजारी कोणी मानसपूजा करताना तुम्ही ऐकले असेल, की तेथे साहित्यही मनातले आणि उपचारही मनातलेच. मन इंद्रियांसकट देवापुढे बसू शकते, हे आपल्या संस्कृतीला ठाऊक आहे. कॅथलिक ध्यानात फरक असा की, प्रसंग आपण निवडलेला असला तरी रचलेला नसतो. तो शुभवर्तमानाने दिलेला असतो आणि त्यात आपण पाहुणे म्हणून जातो.

बसण्यापूर्वीची तयारी

वेळ ठरलेली असावी. बडोद्यात एप्रिल ते जून या काळात दुपारी मन लावून बसणे कठीण असते. त्यामुळे पहाटेची वेळ उत्तम, आणि ज्यांना ती जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर थोडा वेळ जाऊ देऊन बसावे. इग्नेशियस पूर्ण तासाची अपेक्षा ठेवतात, पण नवख्याने पंचवीस-तीस मिनिटांपासून सुरुवात करावी असे मला वाटते. ठरवलेला वेळ मात्र कमी करू नये. प्रार्थना नकोशी वाटेल त्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडे अधिकच बसावे, हा त्यांचा सल्ला सुरुवातीला कठोर वाटतो, पण मन कंटाळा पुढे करून आपल्याला उठवू पाहते तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

जागेबद्दल फार चोखंदळ होऊ नये. घरात वेगळी खोली नसेल तर खिडकीजवळची एक खुर्ची आणि समोर क्रूस किंवा मेणबत्ती पुरेशी आहे. ज्यांना घरात एकांत मिळत नाही, त्यांनी फत्तेगंजच्या रोझरी कॅथेड्रलमध्ये किंवा आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये गर्दी नसलेल्या वेळी जाऊन बसावे. गुडघे टेकून, बसून, उभे राहून किंवा पाठीवर पडूनही प्रार्थना करता येते. ज्या स्थितीत हवे ते गवसेल तीच स्थिती धरून ठेवावी आणि उगाच बदलत राहू नये, असे इग्नेशियस सांगतात. उजेड आणि अंधार यांचाही त्यांनी विचार केला आहे. पापाबद्दल पश्चात्तापाचे ध्यान करताना ते खिडक्या बंद करायला सांगतात, आणि पुनरुत्थानाच्या आनंदाचे ध्यान करताना उन्हाळ्यात गारव्याचा आणि हिवाळ्यात उन्हाचा लाभ घ्यायला सांगतात. जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात बसून पुनरुत्थित ख्रिस्ताचे ध्यान करण्यात गैर काहीच नाही. उलट ते त्यांच्या सूचनेला धरूनच आहे.

भाषेविषयी आग्रहाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. येथे आपल्याला मिस्सा बहुधा गुजरातीत किंवा इंग्रजीत मिळते, शाळेतील प्रार्थना इंग्रजीत पाठ झालेल्या असतात, आणि घरी आपण मराठी बोलतो. ध्यानासाठी निवडलेला उतारा मराठी बायबलातून वाचावा आणि येशूशी बोलायचे तेही आपल्या घरच्या मराठीत बोलावे. ज्या भाषेत आपण आईशी हट्ट केला आणि भावंडांशी भांडलो, त्या भाषेत मन आडपडदा ठेवत नाही. येशूची कथा मराठी कानांना नवीनही नाही. येशूसंघाचे (इग्नेशियस यांनीच स्थापलेल्या जेझुइट संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओवीबद्ध करून १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून छापली होती.

उतारा आदल्या रात्री निवडून ठेवावा. सुरुवातीला उपदेशाचे उतारे टाळावेत आणि जेथे माणसे आहेत, हालचाल आहे, काहीतरी घडते आहे, असा छोटा प्रसंग घ्यावा. पुढील पायऱ्यांसाठी मी मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील आंधळ्या बार्तिमयाची गोष्ट (ओव्या ४६ ते ५२) घेतो. ज्यांना मनात चित्र दिसत नाही अशी तक्रार असते त्यांना ती विशेष जवळची वाटते, कारण ज्याच्या बाजूने ही गोष्ट ऐकायची त्यालाही काही दिसत नाही.

प्रत्यक्ष ध्यान

बसण्याच्या जागेपासून एक-दोन पावले अलीकडे थांबावे. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभे राहून, देव माझ्याकडे पाहत आहे, एवढेच मनात आणावे आणि आदराने मान लववावी. ही लहानशी कृती गाळण्याचा मोह होतो, पण ती गाळू नये. ध्यानात आपण येशूकडे पाहणार आहोत खरे, पण पाहायला सुरुवात त्याने केलेली असते, आणि हे विसरले की ध्यान हा आपल्या मनाचा व्यायाम होऊन बसतो.

मग बसावे आणि आजची प्रार्थना देवाच्या गौरवासाठी असावी, असे थोडक्यात मागावे. त्यानंतर उतारा सावकाश, शक्यतो ओठ हलवून, दोनदा वाचावा. पहिल्यांदा काय घडले ते समजण्यासाठी आणि दुसऱ्यांदा एखादा तपशील मनाला अडकतो का ते पाहण्यासाठी. बार्तिमयाच्या गोष्टीत कोणाला त्याने फेकून दिलेले वस्त्र अडकते, कोणाला ‘गप्प बस’ म्हणून दटावणारे लोक, तर कोणाला येशूचे थांबणे. वाचून झाले की पुस्तक मिटून बाजूला ठेवावे.

आता जागा उभी करायची. इग्नेशियस येशूजन्माच्या ध्यानात नासरेथ ते बेथलेहेम हा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की चढउतारांचा, आणि ती गुहा किती मोठी, किती उंच, हे पाहायला सांगतात. आपली जागा यरीहोच्या वेशीबाहेरची आहे. हे शहर समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आहे. तेथे उष्मा कडक असतो, आणि जुन्या करारात त्याला खजुरांचे नगर म्हटले आहे. तेथून यरुशलेमला जाणारा रस्ता ओसाड डोंगरांतून सतत चढत जातो. सणाला निघालेल्या यात्रेकरूंची गर्दी त्या रस्त्यावर आहे. पॅलेस्टाइन आपण पाहिलेले नाही म्हणून अडून बसू नये. वैशाखातल्या दुपारी मांडवीपासून लहेरीपुरा दरवाजापर्यंत चालताना पायांखालून येणारी धग, भिंतीच्या सावलीसाठी होणारी ओढ, गर्दीत खांद्याला लागणारे खांदे, हे सर्व तुमच्या अंगाला ठाऊक आहे. तेच घेऊन यरीहोला जावे. अंगाला ठाऊक असलेले ऊन पुस्तकातून शिकलेल्या भूगोलापेक्षा प्रार्थनेत अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

जागा उभी राहिली की जे हवे ते मागावे. इग्नेशियस ही पायरी कधीच सोडत नाहीत. येशूच्या जीवनावरील ध्यानात ते जे मागायला सांगतात त्याचा आशय असा: जो माझ्यासाठी माणूस झाला त्या प्रभूची मला आतून ओळख व्हावी, म्हणजे मी त्याच्यावर अधिक प्रेम करीन आणि त्याच्यामागे अधिक जवळून चालेन. हे मागणे बाजूला ठेवून जे ध्यान होईल, ते देखावा पाहण्यापुरतेच राहील.

यानंतर प्रसंग घडू द्यावा आणि त्यात आपण कोण आहोत ते ठरवावे. तुम्ही बार्तिमय होऊ शकता, गर्दीतील एक होऊ शकता, त्याला ‘धीर धर, ऊठ, तो तुला बोलावत आहे’ असे सांगणारा शिष्य होऊ शकता. गव्हाणीच्या ध्यानात इग्नेशियस स्वतःला एक गरीब, अपात्र सेवक समजून मरिया, योसेफ आणि बाळ यांची गरज पाहायला आणि त्यांची सेवा करायला सांगतात. नवख्याला ही सेवकाची भूमिका फार मदत करते, कारण हाताला काम मिळाले की मन भरकटत नाही. पाणी आणावे, दिवा धरावा, बार्तिमयाचा हात धरून त्याला येशूपर्यंत न्यावे.

आता इंद्रियांकडे वळावे. पाचही इंद्रियांना क्रमाने हजेरी लावायला लावणे येथे अपेक्षित नाही. ज्या इंद्रियातून प्रसंग उघडतो त्यातून आत शिरावे. बार्तिमयासाठी तो कानातून उघडतो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला आधी पावलांचा आवाज येतो, मग बोलण्याची कुजबुज वाढते, मग कोणी तरी नासरेथच्या येशूचे नाव घेते. तो ओरडतो, ‘दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर’, आणि आसपासचे लोक त्याला गप्प करू पाहतात. ते दटावणीचे आवाज नीट ऐकावेत. त्यात ओळखीचे आवाज आहेत का? कधी घरातल्या कोणाचा आवाज असतो, कधी आपला स्वतःचाच. तो आणखी मोठ्याने ओरडतो, आणि मग येशू थांबतो. चालणारी गर्दी थांबली की आवाज कसा बदलतो, ते ऐकत राहावे. तळव्यांना तापलेली माती लागते, अंगावरचे जाड वस्त्र घामाने चिकटलेले असते, आणि ते फेकून देताना वारा अंगाला लागतो. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे त्याचे अंथरूण, पांघरूण आणि बहुधा नाणी गोळा करायची झोळीही. आंधळ्या माणसाने ते गर्दीत भिरकावले तर पुन्हा सापडण्याची खात्री नाही. हे बोटांना जाणवू द्यावे आणि आपल्या अंगावर असे काय आहे, हा विचार आला तर येऊ द्यावा.

आता येशू त्याच्या समोर आहे आणि विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ येथे प्रसंग थांबवावा. बार्तिमयाचे उत्तर (‘मला पुन्हा दिसू दे’) आपल्याला पाठ आहे, म्हणून घाईने पुढे जाऊ नये. हा प्रश्न तुम्हाला विचारला जातो आहे असे समजून गप्प राहावे. पहिले उत्तर बहुधा शिष्टाचाराचे येते. ते जाऊ द्यावे आणि दुसऱ्या, तिसऱ्या उत्तराची वाट पाहावी.

येथून संवाद सुरू होतो, आणि खरे तर आतापर्यंतचे सर्व यासाठीच होते. मित्राशी मित्र बोलतो किंवा धन्याशी सेवक बोलतो तसे बोलावे, कधी कृपा मागावी, कधी चूक कबूल करावी, कधी आपल्या व्यवहारातील गोष्ट सांगून सल्ला विचारावा, असे इग्नेशियस सांगतात. तोंडावर ‘तू’ म्हणावे. मुलाच्या नोकरीची काळजी, सासूबाईंचे आजारपण, मनातला राग, कशालाही येथे मज्जाव नाही. बोलून झाले की थोडे थांबून ऐकावे आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणून ध्यान संपवावे.

उठल्यावर लगेच फोन हातात घेऊ नये. दहा-पंधरा मिनिटे बसून किंवा येरझाऱ्या घालत ध्यान कसे झाले ते पाहावे: मन कोठे हलले, कोठे कंटाळले, कोठे टाळाटाळ केली. वहीत चार ओळी लिहिल्या तर पुढच्या वेळी त्यांचाच आधार होतो.

गंध, चव आणि स्पर्श यांविषयी थोडे अधिक

पाहणे आणि ऐकणे यांवर सर्वांचा भर असतो, पण स्मृतीला सर्वांत लवकर हलवतो तो गंध. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात बेथानी येथे लाजराची बहीण मरिया येशूच्या पायांना जटामांसीचे मौल्यवान तेल लावते आणि सारे घर सुवासाने भरून जाते. जटामांसी ही हिमालयात उगवणारी वनस्पती आहे. तिचा सुगंध तिकडे दूरवर, येशूच्या देशापर्यंत जात असे आणि आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ती आजही मिळते. एकदा तिचे मूळ आणून हुंगावे आणि मग तो अध्याय घेऊन बसावे. तो वास गोड अत्तरासारखा नाही. तो मातीचा, जड, जरा उग्र आहे. येशूच्या दफनाची तयारी म्हणून सांभाळून ठेवलेला वास असाच असणार, हे तेव्हा नाकालाच पटते.

योहानाच्याच शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा पेटतो. पहिल्यांदा महायाजकाच्या अंगणात, जेथे थंडीत शेकत उभा असलेला पेत्र येशूला नाकारतो, आणि दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात तळ्याच्या काठी, जेथे पुनरुत्थित येशू शिष्यांसाठी मासळी आणि भाकर भाजून ठेवतो आणि नंतर पेत्राला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ भाजलेल्या मासळीचा वास घेऊन त्या काठावर बसलेल्या पेत्राला त्या धुरात आणखी काय आठवले असेल, हे विचार करून कळत नाही. ते धुरात बसल्यावरच कळते.

स्पर्शाबाबत इग्नेशियस यांचा संयम शिकण्यासारखा आहे. प्रसंगातील व्यक्तींना नव्हे, तर त्या जेथे पाऊल ठेवतात, जेथे बसतात, त्या जागांना मिठी मारावी आणि त्यांचे चुंबन घ्यावे, असे ते सांगतात. वडीलधाऱ्यांची पायधूळ माथ्याला लावणाऱ्या घरांतील माणसाला यातील आदर आणि जवळीक समजावून सांगावी लागत नाही.

अडचणी, आणि त्यांत काय करावे

ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी संत तेरेजा ऑफ आव्हिला यांची आठवण ठेवावी. आपल्याला कल्पनेची देणगी फारच तोकडी मिळाली आहे, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. अंधारात असलेल्या किंवा आंधळ्या माणसाला समोर कोणी तरी आहे हे बोलण्यातून कळते पण दिसत नाही, तशी आपली ख्रिस्तासमोर अवस्था असते, असे त्या म्हणतात. म्हणूनच त्यांना मूर्ती आणि चित्रे फार प्रिय होती. तुम्हीही समोर एखादे चित्र ठेवू शकता, किंवा उतारा ओळीओळीने पुन्हा वाचत जाऊ शकता. ज्या संतांना ख्रिस्तसभेने प्रार्थनेच्या आचार्य मानले त्यांना चित्र दिसत नव्हते, तर तुम्ही त्यासाठी प्रार्थना सोडण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण उलट टोकाची आहे. कल्पना फार सुपीक असली की शुभवर्तमान मागे पडते आणि आपण रचलेली कथाच पुढे धावू लागते. थोडी मोकळीक इग्नेशियस यांनीही घेतली आहे. बेथलेहेमच्या वाटेवर त्यांनी मरिया आणि योसेफ यांच्याबरोबर एक दासी आणि एक बैल दिला आहे, आणि त्यांचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. तरीही साधना देणाऱ्याने, म्हणजे ती करवून घेणाऱ्या मार्गदर्शकाने, घटना प्रामाणिकपणे आणि थोडक्यात सांगावी, असे त्यांनीच बजावले आहे. तपशील भरावा, पण येशूचा स्वभाव बदलू नये. तुमच्या कल्पनेतील येशू बार्तिमयाला हिडीसफिडीस करू लागला, तर डोळे उघडावेत आणि उतारा पुन्हा वाचावा.

ध्यानात येशू काही बोलला असे वाटले, तर ते कृतज्ञतेने मनात ठेवावे, पण त्याला देववाणी समजून त्यावर निर्णय घेऊ नयेत. नोकरी सोडणे, लग्न ठरवणे, कोणाशी संबंध तोडणे अशा गोष्टी एका ध्यानाच्या भरवशावर कधीही करू नयेत. ते बोलणे शुभवर्तमानाशी आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळते का, आणि ओसरल्यावर मागे शांती, नम्रता आणि दुसऱ्याविषयी प्रेम उरते की अस्वस्थता आणि अहंकार, हे दिवसांमागून दिवस पाहावे. यासाठी मार्गदर्शक लागतो. आपल्या धर्मग्रामाचे फादर, साधना देण्याचा अनुभव असलेली एखादी सिस्टर किंवा येशूसंघाचे फादर यांच्याशी महिन्यातून एकदा तरी बोलावे. ज्यांच्या आयुष्यात हिंसा किंवा मोठा आघात होऊन गेला आहे, त्यांनी येशूच्या दुःखसहनाचे ध्यान इंद्रियांच्या आधारे एकट्याने सुरू करू नये. आधी मार्गदर्शकाला सांगावे, आणि तोवर तळ्याकाठच्या न्याहारीसारखे सौम्य प्रसंग घ्यावेत. त्यात भित्रेपणा नाही.

कधी कधी नियमित ध्यान करणाऱ्याची कल्पना हळूहळू थंडावते. जागा उभी करावीशी वाटत नाही, इंद्रिये गप्प होतात, आणि तरी उठावेसे वाटत नाही. संत योहान ऑफ द क्रॉस यांनी याची तीन लक्षणे सांगितली आहेत: कल्पनेने ध्यान करणे जमेनासे होते आणि त्यात पूर्वीचा रस राहत नाही, मनाला इतर कशाच्याही कल्पनेत रमावेसे वाटत नाही, आणि देवाकडे प्रेमाने लक्ष ठेवून नुसते एकांतात राहण्यात गोडी वाटते. तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर कल्पनेला जबरदस्तीने ओढून आणू नये, तसेच शांत बसावे. पण पहिलेच लक्षण असेल आणि मन बाजारहाट, मोबाइल आणि मालिकांच्या कल्पनेत सुखाने भटकत असेल, तर तो केवळ आळस किंवा थकवा असू शकतो. तेव्हा उतारा पुन्हा हातात घ्यावा.

पहिल्या काही आठवड्यांसाठी

रोज नवा प्रसंग घेण्याची घाई करू नये. जेथे मन हलले किंवा जेथे ते अडून बसले त्याच जागी परत जाण्याला इग्नेशियस फार महत्त्व देतात. पुष्कळ जाणल्याने आत्मा तृप्त होत नाही, गोष्टी आतून अनुभवल्याने आणि चाखल्याने होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. बार्तिमयाजवळ चार-पाच दिवस राहावे. पहिल्या दिवशी गर्दीत असलात, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी बसून पाहावे.

त्यानंतर मार्कच्या चौथ्या अध्यायातील वादळ घ्यावे, जेथे येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला आहे आणि पाणी आत येत आहे. तेथे त्याला जागे करण्याआधी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसता येते का ते पाहावे. मग लूकच्या दुसऱ्या अध्यायातील गव्हाण, सेवकाच्या भूमिकेतून. मग बेथानीचे घर. शेवटी योहानाच्या विसाव्या अध्यायातील बाग घ्यावी, जेथे मग्दालिया मरिया येशूला पाहूनही ओळखत नाही, त्याला माळी समजते, आणि त्याने ‘मरिये’ अशी हाक मारल्यावर ओळखते. त्या ध्यानात येशूला तुमच्या घरच्या नावाने, लहानपणी आई हाक मारत असे त्याच नावाने, तुम्हाला बोलावू द्यावे.